घरी आलेली उशी

दार उघडलं आणि सहा महिन्यांनी धाकटा भाऊ समोर दिसला, तेव्हा ताईच्या मनात आनंदाच्याही आधी धास्ती उभी राहिली... कामाच्या दिवशी, भर दुपारी तू घरी कशी, असं यानं विचारलं तर काय सांगायचं?

"आज सुट्टी टाकलीस वाटतं?" त्यानं विचारलंच.

"डोकं दुखत होतं," म्हणत तिनं त्याला आत घेतलं.

ज्या भावाला शिकवण्यासाठी पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती बुटांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसली, त्याच्याशी अबोला धरणं सोपं नव्हतं. पण कारणही तसंच होतं. देशाला कर्ज हवं होतं आणि देणारी बाहेरची मंडळी अडून बसली होती, की आधी पगाराचा नियम बदला. आजवर कारखाना लहान असो की मोठा, शिलाईला सगळीकडे एकच पगार, साऱ्या धंद्यानं मिळून ठरवलेला. आता म्हणे ज्यानं त्यानं आपापला ठरवावा. आणि या वाटाघाटींत सरकारच्या बाजूनं कागद लिहायला कोण, तर हिचेच बंधुराज! "माझ्याच अन्नात माती कालवायला शिकवलं का रे तुला?" असं ती बोलून गेली होती, आणि तो भरल्या ताटावरून उठून निघून गेला होता.

आज मात्र त्याचा चेहरा उजळला होता.

"ताई, नियम नाही वाचवता आला. पण अकरा दिवस भांडून एक ओळ मिळवली. ज्यांनी या कामात वीस वर्षं काढली, त्यांचा जुना पगार कायम. मालकानं दमदाटी करून लिहून घेतलं तरी तो हक्क सुटत नाही, अशी पक्की कडी लावलीय. तेवढ्यासाठी त्यांच्या तीन अटी मी मुकाट्यानं मान्य केल्या... आता तरी बोलशील ना माझ्याशी?"

ती ओळ तिला पाठ होती. मागच्या सोमवारी, नवा नियम लागू होताच, मालकानं सात जुन्या बायकांना उभं करून तीच वाचून दाखवली होती. तुमच्या एकीच्या पगारात दोन नव्या मुली येतात, मला परवडत नाही, म्हणाला. हिनं हात जोडले, नव्या पगारावर बसते, हवं तर लिहून देते. मालकानं नकाराची मान हलवली. लिहून दिलेलं चालत नाही, बाई, तशी सोयच ठेवलीय त्यात...

हे याला कसं सांगायचं? इतक्या दिवसांनी आपणहून आलेल्या लेकरासारख्या भावाला?

"बोलीन की. बस, चहा टाकते."

तो खुर्ची ओढून बसायला गेला आणि थबकला. खुर्चीवर मधोमध दबलेली एक उशी होती. कारखान्यातली बाकं लाकडी. प्रत्येकीनं आपली उशी घरून न्यायची, आणि ती घरी परत येते, ती बाई कायमची उठली तरच. लहानपणी शाळा सुटल्यावर तिनं आपल्याखालून काढून दिलेल्या याच उशीवर डोकं ठेवून तो तिच्या मशीनखाली झोपत असे.

"ही घरी कशी?"

"अभ्रा उसवलाय, शिवायला आणली."

"ताई..."

तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं.

तो भिंतीला टेकून खालीच बसला. "म्हणजे मी... माझ्याच हातानं..."

"मला जपायलाच गेलास तू." तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. खरं तर तिला चिडायचं होतं. ते काही जमलं नाही, डोळेच भरून आले.

"तक्रार करू आपण."

"कसली? परवडत नाही म्हणून काढायला आता मोकळीक आहे त्याला. तुझ्या त्या तीन अटींतलीच एक आहे ना ती?"

"हो, तीच," तो म्हणाला.

"ती कडी तेवढी काढ," ती म्हणाली. "नव्या पगारावर बसायचंय त्यांना बसू दे."

"अर्ध्या पगारावर, ताई?"

"घरी बसून तर तोही नाही."

तिच्याच टेबलावर त्यानं दुरुस्तीचा कागद लिहिला. कागद सरकू नये म्हणून त्याची कड तिनं धरली होती. ज्या ओळीसाठी बाहेरच्या मंडळींनी अकरा दिवस घेतले, ती सैल करायला त्यांनी अकरा मिनिटंही लावली नाहीत.

दोन महिन्यांनी ती कामावर परतली. सातांतल्या चौघीच आल्या. फाटकापर्यंत उशी भावानं काखेत धरली होती, आणि तिनं ती मागितली तेव्हा त्याच्यानं सोडवेना.

"दे रे," ती म्हणाली, "उशीर झाला तर त्या अर्ध्यातलेही कापतील."