उत्तरेच्या भिंतीतलं दार

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण वाचून झाल्यावर "छान रंगवलंय" असं मात्र म्हणू नका. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

हे माझ्या थोरल्या मावशीच्या बाबतीत घडलं. मावशी खोटं बोलत नाही. बोलत असती तर तिचं बरंच भलं झालं असतं, ते पुढे कळेलच.

आणि यात मध्यरात्र वगैरे नाही. सगळं भर दुपारी घडलं. गुरुवारची दुपार, आणि एका जुन्या चर्चची उत्तरेकडची भिंत.

मावशी सरकारी इंजिनिअर. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत तिचा जन्म गेला. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. साहेब असो की मंत्री, चुकीच्या कागदावर तिने कधी सही केली नाही. म्हणून बढतीही वेळेवर मिळाली नाही.

त्या चर्चच्या दुरुस्तीला सरकारने पैसे मंजूर केले आणि काम मावशीकडे आलं. छप्पर झालं. तीन भिंती झाल्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग उत्तरेच्या भिंतीला हात लागला.

जुन्या जाड भिंती बाहेरून दगडाच्या दिसतात, पण त्यांच्या पोटात नुसता खडीचुरा असतो. वर्षानुवर्षांनी तो खाली बसतो आणि आत पोकळ्या पडतात. त्या भरायची पद्धत सोपी आहे. भिंतीला ओळीने बारीक भोकं पाडायची. खालच्या भोकातून पातळ कालवलेला चुना आत सोडायचा. वरच्या भोकातून तो डोकावला की खालचं भोक बुजवायचं आणि वर सरकायचं.

बाकीच्या भिंतींत चुना डोकावला.

इथे नाही.

दिवसभर सोडला. वरचं भोक कोरडं. दुसऱ्या दिवशीही तेच. मावशीने बाहेरची गटारं तपासली, तळघर तपासलं, फरशीखाली उकरून पाहिलं. कुठे एक थेंब गळालेला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. आत काही शिरलं की आतली हवा बाहेर यायला हवी. तिने वरच्या भोकासमोर तळवा धरला.

हवा येत नव्हती...

मुकादम कपाळ पुसत म्हणाला, "मॅडम, ही भिंत पितेय."

"पिऊ दे. पोट भरेल कधीतरी."

भरलं नाही. ट्रकवर ट्रक चुना आला आणि त्या भिंतीत गेला. पैसे संपले. पुन्हा मागितले, तेही संपले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा गाव खवळलं. त्यांचंही खरंच होतं म्हणा, पैसा त्यांच्याच खिशातला होता. कुठेतरी पाणी मुरतंय, असं जो तो बोलू लागला. दुकानदारीण सुटे पैसे परत देताना मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय मॅडम, तुमच्या बंगल्याचं काम कुठवर आलं?"

मावशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती.

शेवटी दुरुस्ती समितीने काम थांबवलं. समितीचे अध्यक्ष जिभेवर साखर ठेवून बोलणारे. त्यांनी मावशीकडे एक टाइप केलेला कागद पाठवला. "माझ्या हलगर्जीपणामुळे माल बाहेर गेला," असं त्यात मावशीच्या नावाने लिहिलं होतं. सही केली तर प्रकरण मिटणार होतं आणि मावशी पुढच्या वर्षी सन्मानाने निवृत्त होणार होती. नाहीतर शुक्रवारी चर्चमध्येच सगळ्या गावासमोर सुनावणी, मग चौकशी, मग निलंबन.

मावशीचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "सही कर आणि मोकळी हो. रक्त आटवून घेतलंस त्या भिंतीपायी."

"माती मी खाल्ली नाही, तर तोंड मी का धुऊ?"

काकांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी, म्हणजे त्या गुरुवारी, मावशी एकटी चर्चमध्ये गेली. फादरनी किल्ली दिली आणि ते जेवायला गेले. काम बंद होऊन आठवडा उलटला होता. परांची तशीच उभी होती. खिडक्यांतून ऊन बाकांवर पडलं होतं.

मावशीने लाकडी हातोडी काढली. भिंत भरीव आहे की पोकळ, ते ठोकून ऐकायचं असतं. भरीव दगड खणखणीत बोलतो. पोकळ जागा बद्द बोलते.

ठक्. भरीव.

ठक्. भरीव.

चार पावलं पुढे... बद्द.

तिने कान लावला. पुन्हा एकदा ठोकलं. बद्द. ती हातोडी खाली घेणार इतक्यात...

टक्.

आतून.

मावशी म्हणाली, उंदीर असेल. मग म्हणाली, दगड हलला असेल. मग तिने दोनदा ठोकलं, कारण उंदराला काही मोजता येत नाही.

थोडा वेळ काहीच नाही...

टक्. टक्.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर चप्पल तिथेच टाकून पळाले असते. मावशीही घाबरली, ते ती नाकारत नाही. पण भीतीच्या मागोमाग तिला राग आला. भयंकर राग.

"कोण आहे?" ती म्हणाली. "कोण आहेस ते मला माहीत नाही. पण तुझ्यापायी मला चोर म्हणतायत. उद्या मी ही भिंत उघडणार. आत जे काही केलं असशील ते दाखवायची तयारी ठेव."

तिने पुन्हा कान लावला.

मग एक वेगळाच आवाज सुरू झाला. घस्स... थांबला. घस्स... थांबला.

हा आवाज आपण आयुष्यभर ऐकलाय, असं तिला वाटत होतं. पण कशाचा, ते काही केल्या आठवेना. भिंतीतून येतो म्हणून ओळखू येत नव्हता.

शुक्रवारी बाकं भरली. उशिरा आलेले मागे उभे राहिले. अध्यक्ष वेदीच्या पायरीखाली टेबल मांडून बसले होते.

"मॅडम, पैसा लोकांचा आहे," ते गोड आवाजात म्हणाले.

"म्हणूनच भिंत लोकांसमोर फोडते."

"आणि फोडण्याचा खर्च?"

लोक हसले. दुकानदारीण सगळ्यात जास्त हसली. मावशीने कोणाकडे पाहिलं नाही. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि छिन्नी-हातोडा उचलला. मुकादम पाठोपाठ आला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, आत काहीच नसलं तर?"

"तर मी चोर. लाव पहार."

पहिला दगड निघायला वेळ लागला. मग दुसरा निघाला. भोक माणूस शिरेल एवढं झालं तेव्हा मुकादमाने बॅटरी आत धरून डोकावलं.

तो मागे सरला. बॅटरी मावशीच्या हातात देऊन तो खांबाला टेकून उभा राहिला.

आत खोली होती.

दार नव्हतं. खिडकी नव्हती. कुठल्याच नकाशात ती खोली नव्हती. जमीन कोरडी आणि स्वच्छ होती. चुन्याचा ढीग नाही, ओघळ नाही, साधा शिंतोडाही नाही.

अध्यक्ष जवळ आले, डोकावले आणि लोकांकडे वळले. "रिकामी आहे."

मावशी म्हणते, त्या क्षणी सगळं संपलं असं वाटलं. काकांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग तिने आत हात घातला आणि बाजूच्या भिंतीवर ठेवला.

भिंत गुळगुळीत होती. गार... आणि दमट.

तिने बॅटरी फिरवली. गिलावा. चारी बाजूंना, वर छतालाही गिलावा केलेला. कोपरे सुरीने कापावेत तसे सरळ. आणि रंग फिकट गुलाबी. मावशीने या कामासाठी चुन्यात विटांची भुकटी घालायला लावली होती, तो रंग आणखी कशाचा असणंच शक्य नव्हतं.

"एवढ्याशा खोलीला एवढा चुना?" अध्यक्ष म्हणाले, पण आवाजातली साखर उतरली होती.

मावशीने छिन्नीने टोकरलं. एका थराखाली दुसरा थर निघाला. त्याखाली आणखी एक. हात कोपरापर्यंत आत गेला तरी खालचा दगड लागेना. चुना येत गेला तसतसा कोणीतरी तो लावत गेलं होतं, आणि थर चढत गेला तशी खोली आवळत गेली होती. आता आत दोन्ही हात फैलावले तर दोन्हीकडे भिंत लागली असती.

फक्त एक जागा कोरी ठेवली होती. जे दगड काढले त्यांच्या आतल्या बाजूला, मावशीने काल जिथे ठोकलं तिथेच, तळहाताएवढी. आतून कोणीतरी वर्षानुवर्षं ठोकत राहावं तसा तिथला दगड झिजून खोलगट झाला होता.

त्या कोऱ्या जागेच्या कडेला गिलाव्याचा एक फटकारा होता. मावशीने बोट लावलं.

ओला...

तेव्हा तिला कालचा आवाज आठवला. घस्स... घस्स... गिलावा ओढणाऱ्या थापीचा आवाज.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला. मावशीने सही न करता परत केलेला तो कागद त्यांनी गुपचूप खिशात घातला होता, हे मुकादमाने पाहिलं. "ठीक आहे. माल आतच आहे, मान्य. मॅडमवर आमचा काही आरोप नाही. आता हे भोक बुजवा. काँक्रीट ओता, आजच्या आज. विषय संपवा."

बघा हं. मावशी सुटली होती. पेन्शन, इज्जत, सगळं परत मिळालं होतं. तिथून फक्त घरी जायचं बाकी होतं.

"नाही," मावशी म्हणाली.

आणि ती भोकातून आत शिरून खाली बसली. तोंड लोकांकडे, पाठ खोलीकडे.

"ओता काँक्रीट."

"मॅडम, काय हा पोरकटपणा?"

"कोणीतरी आत राहिलंय. तुम्ही वर काँक्रीट ओतणार. मग ओता. मी बसलेय."

मुकादमाने हातातलं फावडं खाली ठेवलं. त्याची माणसंही हलेनात.

आणि मावशीच्या मागे...

घस्स.

बाहेर कोणाला ऐकू आलं नाही. तिला आलं. मागच्या भिंतीपाशी.

घस्स... जरा अलीकडे.

घस्स... अगदी उजव्या कानामागे. ओल्या चुन्याचा वास आला. मानेवर गार वाटलं.

मी तिला विचारलं होतं, "मावशी, तू वळून का नाही पाहिलंस?"

ती म्हणाली, "वळले असते तर किंचाळून बाहेर पळाले असते. आणि मी पळाले असते तर त्यांनी भोक बुजवलं असतं."

ती हलली नाही. अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली. शेवटी तेच म्हणाले, "तुम्हाला हवंय तरी काय?"

"दार."

"त्याचा खर्च..."

"अहो, लावा की एक दार," मागून आवाज आला. दुकानदारीण होती. "एवढं गेलंय, त्यात एका दाराने काय बिघडतंय? बाईचा जीव घेता का आता?"

मग इतर लोकही बोलू लागले. पुढच्या निवडणुकीत अध्यक्षांना मतं हवी होती. दार मंजूर झालं.

सुताराने दाराला बाहेरून कडी ठोकायला घेतली, तेव्हा मावशीने त्याचा हात धरला. "कडी आतून."

"आतून? आत कोण राहतं?"

"तू आतून लाव."

शेवटच्या बिलात मावशीने लिहिलं, दार, एक. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आतून बाहेर येता यावं म्हणून. हिशेब तपासणाऱ्यांनी ते तीनदा परत पाठवलं आणि तिने तीनदा तसंच्या तसं वर धाडलं. काम संपल्यावर तिने त्या खोलीत गुलाबी चुन्याची एक बादली ठेवली. का ठेवली, ते सांगत नाही. विचारलं की म्हणते, "असू दे."

पुढे मावशी निवृत्त झाली. अधूनमधून ती तिथे जाते. दार ढकललं की उघडायचं. आत बादली तशीच असायची, चुना वाळून दगड झालेला.

गेल्या महिन्यात मी सोबत गेले होते. दुपारच होती.

दार उघडेना.

आतून कडी होती.

मी म्हटलं, चल, आपण फादरना बोलावू. मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने बोटाने दारावर दोनदा ठोकलं आणि वाट पाहत उभी राहिली.

टक्. टक्.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग आतली कडी हळूहळू सरकली... आणि थांबली. दार कोणी ओढलं नाही.

"उघड," मावशी मला म्हणाली.

माझे हात उठेनात. तिनेच ढकललं.

आत कोणी नव्हतं. जमीन झाडलेली होती. बादली धुऊन पालथी घातलेली. काम संपवून घरी जाताना गवंडी ठेवतात, अगदी तशी. कडेवरून अजून पाणी निथळत होतं.

मावशीने पदराने डोळे पुसले. "सुटलं एकदाचं," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातली वीट घेऊन तिने दार उघडंच राहील अशी अडकवून ठेवली.

ती त्या रात्री गाढ झोपली. मी मात्र तेव्हापासून धड झोपलेले नाही. सुटलं खरं, पण सुटून गेलं कुठे? आम्ही दारातच उभ्या होतो. जायचं तर आमच्या दोघींच्या मधूनच जावं लागणार होतं.

घरी पलंग मी भिंतीपासून लांब ओढलाय. कधीकधी दुपारी एकटी असले की राहवत नाही आणि मी भिंतीवर दोनदा ठोकते. आवाज भरीव येतो.

माझ्या जागी मावशी असती तर उत्तराची वाट पाहत थांबली असती.

मी थांबत नाही. लगेच उठते आणि दुसऱ्या खोलीत जाते.