काळ्या स्क्रीनवरचं टायपिंग

दोन हजार सात-आठची गोष्ट. प्रफुल नागभीडले गाडी बदलाले उतरला. गाडी लेट. चहा प्याले निंगाला, तं टायपिंग क्लासच्या दारातून क्लास चालवनाऱ्या संघप्रियानं हाक मारली, "ओ भाऊ, कम्प्युटरातलं समजते का?"

"समजते... पन भाऊ नका म्हनू ना."

तवापासून दर शनवारी त्याची पुढची गाडी चुकाले लागली. संघप्रियाले समजे नाई — हा कम्प्युटरसाठी येते का माह्यासाठी? त्याले समजे नाई — हिले समजते का नाई? बोले कोनीच नाई.

अन् एका शनवारी तो म्हने, "मॅडम, गडचिरोलीले नोकरी लागली. आता इकून येनं नाई."

ती म्हने, "स्क्रीनवरचे अक्षरं लई मोठे दिसून राह्यले. तेवढं करून जा."

प्रफुलचं ध्यान कुठी होतं? अक्षरं लहान कराले त्यानं कमांड लिहून स्क्रीनचं रिझोल्यूशन असं वाढवलं का मॉनिटरले झेपलंच नाई. काळाकुट्ट! आता ते नीट कराले दुसरी कमांड अंदाजानंच लिहाची. अन् कीबोर्डवर तं अक्षरंच नाई! पोरांनी खाली पाहू नये म्हनून संघप्रियानं बटनांवर कागद चिकटवले होते.

"तुमी सांगा, मी टाइपते."

"एक्स, आर, ए, एन, डी, आर... जागा सोडा... अरे बापा, काय करून बसलो मी... डॅश, एस..."

एंटर मारलं. काईच नाई. तिले डिक्टेशनची सवय — कानावर पडलं का बोटं चालले.

"अरे बापाबी टाइपलं?"

"तुमीच सांगितलं ना!"

"मंग मी म्हनलो, का तुमची लई आठवन येईन... तं तेबी टाइपसान?"

बोटं थांबले. मंग खटखट, खटखट... एंटर.

"काय टाइपलं?"

"कमांड सांगा आधी!"

या खेपेले तो तोंड सांभाळून बोलला. स्क्रीन आला. अक्षरं बरोब्बर. वर त्याचं 'अरे बापा', अन् त्याच्या खाली, इंग्रजी अक्षरात — जाऊ नका.

त्याच्याखाली कम्प्युटरचं उत्तर : अशी कमांड सापडत नाई.

"हे तं मी सांगितलंच नाई..."

"नाईच सांगितलं." तिनं मॉनिटरकडं बोट केलं. "याले नाई समजलं. तुमालेबी नाई का?"

प्रफुलचे कान लाल. "समजलं... पन नोकरी तं तिकडं हाय. आता कसं?"

"गडचिरोलीत टायपिंग क्लास चालन का?"

"चालन ना! पन... चालवनार कोन?"

"मी!" संघप्रिया असी ओरडली, का समोरच्या चहावाल्याचे सारे गिऱ्हाईक मान वळवून पाहाले लागले.