रफूचा दिवा

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. दोन बुबुळांमधलं अंतर ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजायची, गिऱ्हाईक कंटाळून जांभया देऊ लागलं तरी दुसऱ्यांदा मोजायची, आणि मगच काचा बसवायला द्यायची. घरीही तेच. कपाट घ्यायचं तर आधी भिंत मोजते, मग दार, मग जिना, आणि शेवटी हमाल, असं तिचा दादा चिडवायचा.

अशा मुलीने एकामागून एक जुने दिवे घरी आणायला सुरुवात केली तेव्हा दादाला वाटलं, हिला आता शौक जडला. शौक वगैरे काही नव्हता. त्यांची आई रफू करायची. कापडाला भोक पडलं की त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्या धाग्याने भोकावर नवं कापड विणायचं, एक उभा, एक आडवा. दुसऱ्या कापडाचा धागा आईने उभ्या जन्मात वापरला नव्हता. "परका धागा दोन धुण्यांत उघडा पडतो," ती म्हणायची. चाळीस वर्षं तिने लोकांचे कोट, शाली, स्वेटर असे काही बुजवले होते की मालकालाही जागा सापडू नये.

गेल्या वर्षी आईच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. बघावं नेमकं तिथेच दिसेना. माणसाचं तोंड पाहायचं तर ती त्याच्या कानाकडे पाहायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. नंबर वाढवून उपयोग नाही, उजेड नीट द्या, एवढंच म्हणाले. दादाने फोन केला, "आई, पुष्कळ झालं. माझ्याकडे ये आणि आराम कर." संध्याकाळी आई चादरीचं टोक मांडीवर घेऊन बसली आणि नुसत्या बोटांनी विणल्यासारखं करत राहिली. ते पाहून मोजपट्टीने चंगच बांधला. आईच्या हातातली सुई सुटू द्यायची नाही.

छतावरच्या पांढऱ्या ट्यूबखाली कापड सपाट दिसतं, उभा धागा आडव्यापासून वेगळा होत नाही. उजेड खालून, बाजूने, कापडावर सरपटत यायला हवा. तसे दिवे पूर्वी करत, आता कोणी करत नाही, म्हणून जुने दिवे. पहिला आणला तो उभा, झालरीच्या टोपीचा. टोपीनेच अर्धा उजेड गिळला. दुसरा नकाशे काढणाऱ्यांचा, लांब हाताचा. त्याचा सांधा इतका सैल की आईने सुई ओवायला घेतली की दिवा मान टाकायचा. तिसऱ्याचा पितळी खांब इतका देखणा होता की मोजपट्टी त्याला भुलली, आणि घरी आल्यावर कळलं की त्याची सावली नेमकी उजव्या हाताखाली पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला दिवा डावीकडून लागतो, हे तिला माहीत असायला हवं होतं. ती स्वतःवरच चिडली.

जुन्या दिव्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदाराला सगळे दिवेवाले काका म्हणत. न पेटवता दिवा विकायचा नाही आणि गिऱ्हाइकाने त्याखाली जे पाहायचं असेल ते सोबत आणायचं, असा त्यांचा रिवाज होता. वाचणार असाल तर पुस्तक आणा, शिवणार असाल तर कापड आणा. चौथ्या खेपेला मोजपट्टी एक विरलेला गडद स्वेटर घेऊन गेली. काकांनी सात-आठ दिवे पेटवून दाखवले. तिने प्रत्येकाची मान वाकवून पाहिली, टोपीच्या आतला रंग पाहिला, वायर बोटांनी चाचपली. मग तिचं लक्ष खालच्या फळीकडे गेलं.

बुटका दिवा होता. बिडाची जड बैठक, हंसासारखी वळलेली मान, बाहेरून हिरवी आणि आतून दुधी काचेची टोपी.

"हा?"

"तो तीनदा परत आलाय," काका म्हणाले.

"शॉक बसतो?"

"वायर मी स्वतः बदललीय. होल्डरही नवा. शॉक कसला!" त्यांनी काचेवरची धूळ फुंकली. "शेवटचे गृहस्थ म्हणाले, फार दिसतं."

"फार दिसतं म्हणजे काय?"

"मीही तेच विचारलं. ते दिवा टेबलावर ठेवून निघून गेले."

"काका, आमच्याकडे दिसतच नाही ही रड आहे," ती हसत म्हणाली. "फार दिसलं तर बिघडलं कुठे?"

काका हसले नाहीत. त्यांनी दिवा कागदात गुंडाळून दिला आणि नेहमी म्हणायचे तसं 'आवडला नाही तर आणा परत' असं काही म्हटलं नाही.

घरी तिने दिवा आईच्या डाव्या हाताला ठेवला आणि चष्म्याच्या दुकानातून आणलेलं उजेड मोजायचं यंत्र टेबलावर धरलं. ट्यूबखाली पाचशे लक्स भरायचे. इथे जेमतेम एकशे चाळीस. हाही फसला म्हणायचा, असं मनात म्हणत ती बटण बंद करणार, तोच आई म्हणाली, "राहू दे." आईने सुई उचलली, धाग्याचं टोक ओठात ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं. मग ती कापडाकडे पाहू लागली. तिरकी नव्हे, सरळ.

मोजपट्टी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली.

पहिलं मोठं काम आलं ते रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या तपकिरी कोटाचं. कोपराला भोक. कपडा आला की मोजपट्टी त्याची चिठ्ठी करायची, भोक कुठे, किती मिलिमीटर, सगळं. आईने दोन दिवसांत कोपर असं बुजवलं की बोटालाही कळू नये. मोजपट्टी पाहायला वाकली तशी तिची वेणी पुढे आली.

"केस घे मागे," आई म्हणाली. "धाग्यात मिसळतील, मग मलाच कळायचं नाही कुठला कुठला."

इस्त्रीसाठी कोट उलटा केला तेव्हा उजव्या खिशाखाली मोजपट्टीला धाग्यांची टोकं दिसली. तिथेही रफू होतं, अंगठ्याच्या नखाएवढं.

"आई, खिशाखाली तर काही नव्हतं."

"होतं की. कडा काळ्या पडल्या होत्या."

"मी मोजून लिहिलंय. एकच भोक."

"मग तुझी पट्टी चुकली असेल," आई म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला.

बारा दिवसांनी मास्तर तोच कोट घेऊन आले. प्रयोगशाळेत बाटली फुटून आम्ल उडालं होतं. खिशाखाली काळी पडलेली गोल कड होती, आणि त्या कडेच्या आत आईचं विणकाम जसंच्या तसं, स्वच्छ. मास्तर खुशीत होते. "नशीब बघा, नेमकं रफूवरच पडलं! नाहीतर मांडी गेली असती. एक थेंब आत आला नाही." कड तेवढी नीट करून द्या म्हणून ते कोट ठेवून गेले. मोजपट्टी चिठ्ठ्यांचा डबा काढून बसली. एकच भोक. तारीख तिच्याच अक्षरात.

योगायोगावर तिचा विश्वास होता. दुकानात रोज दोन-चार घडायचे. पण योगायोगही मोजून घ्यावा, हा तिचा स्वभाव. तिने कोरा पांढरा रुमाल आणला, चारी बाजूंनी भिंगाखाली तपासला आणि काही न बोलता आईच्या कपड्यांत सरकवून दिला. आईने एका कोपऱ्यात बारीकसं रफू केलं. मोजपट्टीने रुमाल पत्र्याच्या डब्यात घातला, झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि डबा दुकानातल्या आपल्या खणात ठेवून किल्ली गळ्यात अडकवली. नवव्या दिवशी उघडला. कापड कुरतडल्यासारखी गोल कड, चार मिलिमीटर. आत आईचे टाके. डब्यात किडा नव्हता, किड्याची विष्ठाही नव्हती.

त्या दुपारी ती स्वतः दिव्याखाली बसली. सदरे पाहिले, शाली पाहिल्या, आपला तळहात पाहिला. तिला काहीही वेगळं दिसलं नाही. पलीकडे आई गुणगुणत सुया रंगांप्रमाणे लावून ठेवत होती. वर्षभरात ती गुणगुणली नव्हती.

दिवा राहील, मोजपट्टीने ठरवलं. घाबरली नव्हती असं नाही, चांगलीच घाबरली होती. पण आईची बोटं पुन्हा रिकामी पाहायची तिची तयारी नव्हती. तिने एक नियम तेवढा केला. घरातला कुठलाही कपडा त्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही. आपले कपडे ती दुसऱ्या खोलीत वाळत घालू लागली. जाता-येता टेबलाला वळसा घालू लागली. दादाचा दारामागे विसरलेला मफलर तिने परस्पर पाठवून दिला.

महिनाभर नियम पाळला गेला. मग एका दुपारी ती विसरलेली फाइल न्यायला धावत घरी आली. अंगात दुकानाचा पांढरा कोट तसाच होता. फाइल खिडकीत होती, टेबलाच्या पलीकडे. घाईत ती वळसा विसरली आणि दिव्यावरून वाकली.

"थांब," आई म्हणाली.

आईने तिच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. मग हात मागे नेला, पाठीवर, त्याच उंचीला.

"काढ तो कोट."

"आई, मला उशीर होतोय."

"काढ म्हणते ना."

तिने काढला. आईने तो दिव्याखाली पसरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मोजपट्टीने विचारलं, किती मोठं आहे. आईने पुढच्या भागावर बोट ठेवून बटणाएवढा गोल काढला. मागच्या भागावर अख्खा तळहात ठेवला.

दोन्ही एका रेषेत होते, काहीतरी आरपार गेल्यासारखे. हे मोजायला तिला पट्टी लागली नाही.

"हा दिवा मी आत्ता परत देऊन येते," ती म्हणाली.

"दिवा दिलास तर भोक जाईल?"

तिने प्लग उपटायला हात पुढे केला.

"दिसायचं तेवढं थांबेल," आई म्हणाली. "बस इथे. मला काम करू दे."

मोजपट्टीने दुकानात फोन करून रजा टाकली. आईने कोटाच्या खालच्या दुमडीतून धागे काढले, एकेक, पांढरे. तिने तीन दिवस विणलं. जेवायला उठायची आणि पुन्हा बसायची. मोजपट्टी समोर बसून सुया ओवून द्यायला पाहायची, पण आई तिच्या आधीच ओवायची. मास्तरांच्या मांडीवर एक थेंबही आला नव्हता, हे मोजपट्टी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. रफू झालं की आत काही येत नाही. नेमकं तसंच घडलं होतं. तिने स्वतः पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने शेवटचा धागा दातांनी तोडला.

मोजपट्टीचा जीव भांड्यात पडला. "झालं?"

"कोटाचं झालं."

आईने मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदाच ती लेकीच्या कानाकडे न पाहता सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिची नजर खाली उतरली आणि बरगडीखाली थांबली.

"कुडता वर घे."

"आई?"

"आतही आहे."

खोलीत दुपारचं ऊन होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मोजपट्टीने कुडता वर घेऊन पाहिलं. तिची कातडी नेहमीसारखीच होती, गुळगुळीत, एक तीळ तेवढा.

"किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"ते नाही दिसत. कडा तेवढ्या दिसतात."

पळून कुठे जायचं, हा विचार तिच्या मनात आला आणि गेला. तिने खुर्ची पुढे ओढली. दिव्याची मान स्वतःच्या हाताने खाली वाकवली, आईच्या डावीकडून उजेड सरळ बरगडीवर येईल अशी.

"सावली पडत नाही ना?"

"नाही. बरोबर आहे."

आईने हात वर नेला, तिच्या वेणीत बोट घातलं आणि एक लांब केस मुळापासून उपटला. ओठात ओला केला. एका फटक्यात ओवला.

"हलू नकोस."

ती हलली नाही. पहिला टाका पडला, मग दुसरा, एक उभा, एक आडवा. रक्त आलं नाही. तिला दुखलंही नाही, आणि ती खरी घाबरली ती तेव्हा.

"पुढचं झालं की वळून बस," आई हळूच म्हणाली आणि दुसऱ्या केसासाठी हात वर केला. "पाठीवरचं इथूनही दिसतंय, कोटावर होतं त्यापेक्षा मोठं झालंय."