आकाशातली फुगडी

पोरीला लग्नाचं विचारावं, पण ती मान वळवू शकत नसताना? प्रसेनजीतनं नेमकं तेच केलं, आणि ते मला अजून पटलेलं न्हाय.

कॉलेजात शिकवणारा हा पोरगा. कोल्हापूरच्या दिव्यांना वैतागून दुर्बीण घेऊन कोडोलीला आमच्या माळावर आला. लोडशेडिंग झालं की गाव शिव्या घालायचं, हा एकटा खूश! पहिल्याच संध्याकाळी माझी नात संघप्रिया बॅटरी घेऊन म्हशीकडं निघाली, तर हा ओरडला, "बत्ती बंद करा! फोटो जळेल!"

"रान आमचं, म्हस आमची. तुम्ही कोण, पावणं?"

तो हसला... मग तीही. बॅटरी विझली ती विझलीच.

पुढं रोजचंच — "आज्जी, मदतीला जाते." मदत काय, तर दुर्बिणीतल्या एका ताऱ्यावरनं तासभर डोळा काढायचा नाही. तारा सरकला की बटण दाबून परत काट्यावर, म्हंजे भिंगातल्या फुलीवर, आणायचा. चुकला, तर फोटो बिघडला. शेकोटीसुद्धा पेटवू देत नव्हता मेला. मी घोंगडं गुंडाळून बाजूला बसायची.

एका संध्याकाळी ती अशीच डोळा लावून बसलेली. हा हळूच म्हणाला, "पुण्याला नोकरी लागलीय... सोमवारी निघतोय. तुम्ही — माझ्याशी लग्न कराल?"

तिनं डोळा काढला न्हाय. तास संपला, तशी उठून तडक घरात गेली. ह्यानं ते 'न्हाय' समजलं.

रविवारी फोटोचा रोल धुऊन घेऊन हा आला. "जयभीम, आज्जी. निरोप घ्यायला आलोय." तोंड पडलेलं. त्याच संध्याकाळचा फोटो माझ्या हातात दिला. मधी आडवा उजळ पट्टा, दोन्ही टोकांना वळलेले दोन हात. दोन पोरी हात धरून फुगडी घालताना वेण्या उडाव्यात, तशी ती लांबची आकाशगंगा! पण भोवतीच्या ठळक ताऱ्यांना बारक्या शेपट्या.

"ह्या कशाच्या रं?"

"मधेच तारा काट्यावरनं सुटला. संघप्रियाचा हात एरवी कधीच हलत नाही..."

"कवा सुटला?"

त्यानं फोटो परत हातात घेतला नि त्या शेपट्या निरखल्या. दारामागं बांगड्या वाजल्या.

"येडा हायस लेका! म्हशीनं लाथ झाडली तरी माझ्या नातीचा हात हलत न्हाय, तो तुझ्या शब्दानं हलला. आणखी किती मोठ्यानं व्हय म्हणायचं तिनं? जा, आईबाला घेऊन ये. आन् ह्या खेपंला तिच्या तोंडाकडं बघून इचार!"