सातव्या झेंड्यापुढचं पिवळं वर्तुळ

वारा समोरून येत होता, म्हणून चेंडू उंच मारायचाच नाही असं खारीने ठरवलं.

"घसरता मार," मागून भिंग म्हणाला. "वर गेला तर थेट समुद्रात."

"मला शिकवू नकोस. तुझे मघाचे दोन कुठे गेले ते माशांना विचार."

खारीने काठी जेमतेम गुडघ्यापर्यंत मागे नेली आणि चेंडूला टोला दिला. चेंडू टणक जमिनीवरून सरसरत निघाला, एका उंचवट्यावरून घरंगळला, दोन वाळूच्या खड्ड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेतून नेमका सुटला आणि सातव्या झेंड्याच्या रोखाने धावू लागला. झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ दहा पावलांवर राहिली असेल, तेवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. कोणी लाथ मारावी तसा चेंडू उजवीकडे उडाला आणि वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला.

"तिथे दगड नाहीये," घाई म्हणाली. ती केव्हाच पळत तिथे पोचली होती. ती सगळीकडे आधीच पोचलेली असे, म्हणून तर तिचं नाव घाई. क्लबच्या स्वयंपाकीणबाईंची ती दहा वर्षांची मुलगी. भिंग हा खारीचा आतेभाऊ. जाड चष्म्याचा हा तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीपुरता मामाकडे आला होता. आणि खार म्हणजे मैदानाच्या मुख्य माळ्यांची मुलगी. हरवलेले चेंडू शोधून ती बुटांच्या खोक्यात साठवायची, म्हणून सगळे तिला खार म्हणत. दर सोमवारी गोल्फचं मैदान बंद असे, आणि दुपारपर्यंत कामगारांच्या मुलांना एकेक जुनी काठी घेऊन खेळायची मुभा असे.

मैदान तरी कसलं! चाळीस वर्षं साऱ्या शहराचा कचरा जिथे येऊन पडला, तो हा डोंगर. पुढे कधीतरी शहाण्या माणसांनी त्यावर चिकणमातीचा जाड थर दिला, त्यावर माती, त्यावर वाळू, आणि मग गवत लावलं. झाड एकही लावलं नाही, कारण मुळांनी तो थर फोडला असता. उरलं काय, तर लाटांसारखे उंचवटे, खोल वाळूचे खड्डे आणि समुद्रावरचा वारा. अशा उघड्या मैदानावर चेंडू उडवण्यापेक्षा घरंगळवावा लागतो. क्लबच्या बड्या सभासदांना मात्र ते कमीपणाचं वाटे. ते महागड्या काठ्यांनी चेंडू ढगात पाठवत. तो वाऱ्याने भलतीकडे गेला की वाऱ्याला बोल लावत. जमिनीशी त्यांचा फारसा संबंध येत नसे.

खार टक् झालं तिथे जाऊन बसली. जेवणाच्या टेबलाएवढं एक गोल वर्तुळ तिथे पिवळं पडलं होतं. असली वर्तुळं मैदानात आणखी चार होती, पण हे सगळ्यांत मोठं. याच पिवळ्या रंगाने तिच्या घरची झोप उडवली होती. रविवारी मोठी स्पर्धा होती. शनिवारपर्यंत गवत ठीक झालं नाही, तर माळ्याने यंत्रांच्या शेडमागच्या आपल्या राहत्या दोन खोल्या रिकाम्या कराव्यात, असं व्यवस्थापकांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं. व्यवस्थापकांचे कपडे इतके कडक असत की मुलं त्यांना आपसांत इस्त्रीसाहेब म्हणत.

पण खारीच्या मनात याहून मोठी भीती होती, आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

पाच आठवड्यांपूर्वी बाबा पाय मोडल्याची मोठी रजा संपवून कामावर आले होते. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, ते लंगडत होते. म्हणून त्या संध्याकाळी सातव्या हिरवळीच्या पुढच्या गवतावर खताची ढकलगाडी तिने चालवली. मधेच ओळ चुकली, आणि एकाच जागेवरून ती दोनदा गेली. चार दिवसांनी गवत पिवळं पडलं. तेव्हापासून जेवताना ती बाबांच्या ताटाकडे बघे, तोंडाकडे नाही.

आता तिने तळवा जमिनीवर दाबला. एका कडेला माती जराशी वर आली होती, आणि बोटभर खाली काहीतरी कडक लागत होतं.

"खणू या," घाई म्हणाली.

"खणलं की मामाच्या नावावर आणखी एक खड्डा," भिंग म्हणाला. "आधी कोणाला तरी विचारू."

विचारण्याजोगं माणूस एकच होतं. फाटकाशी, जुन्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये काटेवाल्या मावशी राहत. कचऱ्याचे ट्रक येत तेव्हा एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक ट्रकचं वजन केलं होतं. आता त्या मोटारींना फाटक उघडून देत. मुलं गेली तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी तिघांच्याही पुढ्यात शेंगांचा एकेक ढीग सारला आणि मगच ऐकायला सुरुवात केली.

ऐकून झाल्यावर त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "डोंगर वरून हिरवा झाला म्हणून खालचं कुजायचं थांबत नाही, बाळांनो. कुजताना वायू सुटतो. त्याला बाहेर यायला वाट लागते. वाट दिली नाही तर तो मातीतून मिळेल तिकडे घुसतो, आणि तिथली मुळं गुदमरतात."

त्या वाटेसाठीच पाइप पुरले होते. पूर्वेच्या अंगाला सहा आणि समुद्राच्या अंगाला पाच, असे अकरा पाइप त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले होते. समुद्राकडचे पाच आता नव्हते, हे मुलांना ठाऊक होतं. मैदानाच्या फोटोंत ते वाईट दिसतात म्हणून बाबा रजेवर असतानाच इस्त्रीसाहेबांनी ते कापून घेतले होते. कंत्राटदाराने जमिनीखालून जोडणी करून कुंपणालगतच्या झुडपांत पाच नवे, छान रंगवलेले पाइप उभे केले होते. म्हणजे तसं त्याने सांगितलं होतं.

"सांगितलं होतं," मावशींनी तेवढेच शब्द पुन्हा उच्चारले. "आम्ही सांगण्यावर जात नसू. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधायचो. फुगली तर समजायचं, वाट मोकळी आहे."

मग त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. पाइपात नाक खुपसायचं नाही, जमीन खणायची नाही, आणि जवळपास काडी ओढायची नाही. तिसरी ऐकून घाईने खिशातली काडेपेटी मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवली. ती तिने कशाला आणली होती, हे तिलाही सांगता येईना.

पूर्वेकडच्या पहिल्या जुन्या पाइपाला मुलांनी पिशवी बांधली. ती हळूहळू भरत गेली आणि पाच मिनिटांत उशीसारखी टरारून उभी राहिली. मग तिघं झुडपांतल्या नव्या पाइपांकडे गेले. पहिल्यावरची पिशवी वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत राहिली. दुसऱ्यावरचीही तशीच. पाचवीची गाठ सोडताना भिंगने पाइपाला जरा धरलं, आणि तो अख्खा पाइप मुळा उपटावा तसा त्याच्या हातात आला. खाली जोडणी नव्हती, काहीच नव्हतं. वीतभर माती तेवढी चिकटली होती.

भिंगने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा नुसता खोचलेला आहे," तो हळूच म्हणाला.

खार खाली बसली. तिला बाबांचं एक जुनं बोलणं आठवलं. खत जास्त झालं की गवत पट्ट्यात जळतं, गाडीच्या रुंदीएवढ्या सरळ पट्ट्यात. आणि इथे तर गोल होतं, पाचही ठिकाणी गोल. आणि कापलेले पाइपही पाचच. त्यातल्या चार ठिकाणी तर तिने ढकलगाडी नेलीच नव्हती. पाच आठवड्यांत हे तिच्या लक्षात कसं आलं नाही? भीती वाटली की माणूस बघायचंच सोडून देतो, ते असं.

तिघं तो पाइप घेऊन धावत कचेरीत गेले. इस्त्रीसाहेब फोनवर होते. त्यांनी अर्धं ऐकलं आणि पाइप काढून घेतला. क्लबच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल मुलांना झापलं. कंत्राटदाराने काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलंय, तो कागद फाइलमध्ये आहे, असं ऐकवलं. संध्याकाळी बाबांनाही बोलावून घेतलं. बाबा परत आले आणि यंत्राची पाती घासत उगीचच खूप वेळ बसले. सोमवारचं खेळणंही बंद झालं.

"आपण आणखी घोळ करून ठेवला," भिंग म्हणाला.

खार मात्र विचार करत होती. गुरुवारी क्लबच्या अध्यक्षबाई मैदान बघायला येणार होत्या, आणि बघणार म्हणजे खेळत खेळत. सत्तरीच्या त्या बाईंचा खांदा दुखायचा, त्यामुळे त्या चेंडू कधीच उडवत नसत. साऱ्या क्लबात मुलांसारख्या घसरता मारणाऱ्या त्या एकट्याच.

गुरुवारी उजाडताच ती बाबांबरोबर मैदानात गेली. पायांनी एकाच जागचं गवत झिजू नये म्हणून बाबा रोज सकाळी प्रत्येक हिरवळीवरचं भोक बदलत. कालचं बुजवायचं, पोकळ नळीसारखं अवजार दाबून नवं पाडायचं आणि झेंडा तिथे खोचायचा. सातव्या हिरवळीवर पोचल्यावर खार म्हणाली, "बाबा, आजचं भोक मी सांगते तिथे पाडाल?"

तिने जागा दाखवली. बाबांनी जागेकडे पाहिलं, पिवळ्या वर्तुळाकडे पाहिलं, मग मागे जाऊन दोन खड्ड्यांमधल्या वाटेत उभं राहून एक डोळा मिटला.

"इथून घसरता मारला तर चेंडू थेट त्या पिवळ्यावरून जाणार."

"हो."

"आणि अध्यक्षबाई घसरताच मारतात."

"हो, बाबा."

अवजार त्या जागी ठेवून बाबांनी बऱ्या पायाने दाबलं.

दहाच्या सुमाराला मंडळी सातव्यावर आली. तिघं मुलं उंचवट्यामागे पालथी पडली होती. इस्त्रीसाहेब अध्यक्षबाईंना सांगत होते की माळी आता म्हातारा झालाय, खताचा अंदाज चुकतो, नवा माणूस बघून ठेवलाय. बाबा चार पावलं मागे उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

अध्यक्षबाईंनी वाऱ्याकडे तोंड करून चेंडू ढकलला. तो खड्ड्यांमधून सुटला, सरळ पळाला आणि टक् करून उजवीकडे उडाला.

"खडा असेल," इस्त्रीसाहेब म्हणाले.

"दुसरा चेंडू द्या."

दुसराही टक् वाजून उडाला.

"वाजला!" घाईला राहवलं नाही. ती उठून उभीच राहिली. मग बाकीच्या दोघांना लपून राहण्यात अर्थ उरला नाही.

इस्त्रीसाहेब ओरडणार तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हात वर केला. "काय वाजलं, ते सांगा बघू मला."

खार पुढे झाली. पिशव्यांचं, पाइपांचं, सगळं तिच्या ओठांवर होतं. पण बाबांकडे नजर गेली आणि तिला वाटलं, अर्धंच सांगितलं तर ते खरं सांगितल्यासारखं होणार नाही.

"आधी माझं सांगते," ती म्हणाली. "इथे बाबांनी नाही, मी खत टाकलं होतं. आणि चुकून दोनदा टाकलं. पण खताने जळतं ते पट्ट्यात. हे गोल आहे. याच्याखाली कापलेला पाइप आहे, आणि त्याला बाहेर वाट नाहीये."

मग तिने बाकीचं सांगितलं. मधेमधे भिंगने आकडे पुरवले. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना मागे सरायला सांगून बाबांना खूण केली. बाबांनी पात्याने गवताचा तुकडा चादर उचलावी तसा अलगद उचलला. खाली लोखंडी पत्र्याचं झाकण होतं. त्याच्या कडेने मातीत बारीक भेगा पडल्या होत्या, आणि तिथून कुजका, उग्र वास येत होता.

इस्त्रीसाहेबांच्या शर्टावर त्या दिवशी पहिल्यांदा सुरकुत्या दिसल्या.

"तुमच्या फाइलमधला तो कागद आणा," अध्यक्षबाई त्यांना म्हणाल्या, "आणि ज्याने तो लिहिला, त्यालाही आणा. वायूची माहिती असलेली माणसं आजच बोलवा. तोवर सातवं बंद. रविवारी अठराऐवजी सतरा झेंड्यांवर खेळू." मग त्या बाबांकडे वळल्या. हे तुमच्या आधी कसं लक्षात आलं नाही, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, की परतलो तेव्हा नवे पाइप उभे दिसले. काम झालं असं धरून चाललो, पिशवी बांधून पाहिली नाही. तेवढी चूक माझीही आहे.

बाईंनी मान हलवली. ज्याने खरी चूक केली त्याने मात्र ती अजून एका शब्दाने कबूल केलेली नाही, असं त्या म्हणाल्या, पण इस्त्रीसाहेबांकडे न बघता. नवा माणूस वगैरे काही यायचा नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मग मुलांना जवळ बोलावून त्यांनी प्रत्येकाच्या काठीकडे निरखून पाहिलं. "माझ्याबरोबर खेळायला कोणी मिळत नाही. सगळे ढगात असतात. सोमवारी येत जाईन मी. चालेल?" आणि फाटकातून जाताना मोटार थांबवून त्या काटेवाल्या मावशींच्या केबिनमध्ये शिरल्या. घाईने नंतर बातमी आणली, की त्यांनाही वाटाणे सोलायला बसवलं होतं.

आठवडाभरात पाचही पाइप पुन्हा उभे राहिले. त्याआधी झालेल्या रविवारच्या स्पर्धेच्या फोटोंत गवत काढलेली झाकणं तेवढी आली, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी बाबा आणि खार सातव्यावर गेले. पिवळ्या वर्तुळात कडेकडेने हिरवे कोंब दिसू लागले होते. बाबांनी ढकलगाडी आणली होती. खार तिच्यापासून जरा लांबच उभी राहिली.

"बाबा, मी दोनदा गेले होते, ते तुम्हाला माहीत होतं?"

"चाकांच्या खुणा होत्या की. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहिल्या."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"साहेबांनी विचारलं, खत कोणाच्या हाताखाली पडलं. ते माझ्याच हाताखाली पडलं होतं." बाबांनी वाकून एका कोंबावरची वाळू झटकली. "तुला मात्र विचारायला हवं होतं. एकटी घेऊन फिरलीस इतके दिवस."

वारा समोरूनच येत होता. बाबांनी ढकलगाडीची मूठ तिच्याकडे वळवली.

"या वेळी ओळी मोज."

"मोजते," खार म्हणाली, आणि बाबांच्या तोंडाकडे बघून तिने पहिली ओळ धरली.