आंब्यांना वळसा

अगं पोरींनो, देवाशपथ, यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर माझे सगळे दात पडू देत... म्हंजी उरलेले.

चौऱ्याहत्तर साल. चिखलीच्या माळावर गोल्फचं मैदान आखायचं चाललं होतं. देशभरचे खेळाडू येणार, चुरस लागणार! आबाजीची पोर रंभा तिथं म्हशी चारायची. एक दिवस बघती तर काय, चेंडू मारायच्या लांबलचक पट्टीच्या खुंट्या, लाल फडकी लावलेल्या, थेट तिच्या आईनं लावलेल्या तीन आंब्यांवर निघालेल्या! जमीन कधीच विकलेली. पण आंबे तुटणार म्हटल्यावर ती गप बसणार व्हय?

मग तिनं काय करावं? भावकीत बांध कोरत्यात न्हाई का, अगदी तसंच. रोज वीतभर, गुपचूप, खुंट्या बाजूला.

बाराव्या दिवशी मागनं आवाज आला, "काय ओ, आज किती सरकवायचा बेत हाय?"

वळून बघती तर कामावरचा ओव्हरसियर हिंदुराव! कोल्हापूरकडचा, उंच, गालावर खळी.

रंभाच्या हातात खुंटी तशीच. "तुमच्या खुंट्याच चालत्यात... पळंल म्हणून धरली."

"व्हय? रोज वीतभरच चालती. मी मोजतोय की."

"मग साहेबाला का न्हाई सांगितलं?"

तो कानापर्यंत लाल. "सांगितलं असतं तर... तुमी यायच्या बंद झाला असता."

रंभानं पदराचं टोक दातात धरलं.

दोन दिवसांनी मोठे साहेब आले. हिंदुरावानं नकाशातच वळण काढून ठेवलेलं. साहेबांना रुचलं न्हाई तर नोकरी गेली, अन् हा परत कोल्हापूरला. रंभा म्हशीआड उभी. साहेब चालले... थांबले... आंब्यांकडं बघतच राहिले.

"सरळ मारला की चेंडू आंब्यात! आधी डावीकडं, मग वळून झेंड्याकडं. खेळणाऱ्याला डोकं चालवावं लागेल. साऱ्या मैदानात हीच पट्टी भारी. कुणाची अक्कल ही?"

"ह्यांची." हिंदुरावानं बोट दाखवलं.

"म्हशीची?"

रंभा फिस्सकन हसली, तवा कुठं साहेबांना ती दिसली. अन् तिला वाटलं, हुश्श... दोन आठवड्यांत पहिल्यांदा श्वास घेतला आपण!

साहेब पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आता खुंट्या हलवायचं काम न्हाई. मी यायची कशाला?"

"तेच म्हणतो... रोजची ये-जा कशाला? कायमच्याच या. आबाजींना विचारायला आज येऊ?"

"आज आबा बाजाराला गेल्यात." चार पावलं गेली, मागं वळली. "उद्या सकाळी घरीच हायत..."

आता एक सांगते, रागवू नका. तेवढं एक पदरचं घातलंय. खळी-बिळी काय नव्हती हो त्याच्या गालावर. पण रंभाला विचारून बघा, ती आजबी शपथेवर सांगंल, होती म्हणून!