तांबड्या थराचं पाणी

येत्या पावसात मुळशी खोऱ्यातलं भिवाजीचं गाव धरणाखाली जाणार होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. बारा घरांनी चुली कुठं मांडाव्यात, हे सांगायला मात्र कुणाला सवड नव्हती. घाटमाथ्यावर जागा होती, पण चैत्रात तिथं प्यायला थेंब नाही. पाणी सापडलं तर बारा घरं एका जागी राहतील, नाहीतर बारा वाटांनी पांगतील. ते पाणी शोधायला १९२६ च्या चैत्रात तिघंजण कड्याकडे निघाले.

वाट दाखवायला पुढं तुकाबाई धनगरीण. तिची एक शेळी दोन दिवस हरवून परत आली होती, ती खुरांना तांबडा चिखल घेऊन. मधे भिवाजी. मागं जयसिंग, आगगाडीच्या बोगद्यांवर सुरुंग लावण्याच्या कामात त्याची अर्धी हयात गेली होती.

"एका शेळीच्या भरवशावर आलोय, तुकाबाय," भिवाजी म्हणाला.

"मग? सायबाच्या भरवशावर व्हतासा, तवा काय घावलं?"

भिवाजी तिच्या मागं चढू लागला.

दोन प्रचंड कड्यांच्या मधोमध एक लांबट टप्पा होता. छातीएवढं वाळकं गवत, एका बाजूला कोकणात कोसळलेली दरी, दुसऱ्या बाजूला काळा कातळ. कातळाच्या तळाशी हातभर जाडीचा तांबडा थर दिसत होता. जयसिंगनं त्यातला खडा फोडून भिवाजीला दाखवला.

"जमिनीच्या पोटातनं वितळलेला दगुड भेगांतनं वर यायचा, तात्या. पसरायचा, थिजायचा. मग हजारो वर्सं गप. त्यावर माती व्हायची, झाडं यायची. पुन्यांदा रस आला की ती माती खाली भाजून निघायची."

"राब भाजल्यावानी?"

"तसंच. वरच्या कातळाला फटी हायेत, त्यातनं पानी झिरपतं अन् ह्या थरावर अडतं. थर धरून चालायचं."

भिवाजीला पटलं. भाताचं रोप टाकायच्या आधी पाला-शेण पसरून वाफा भाजतात, तेव्हा माती अशीच विटकरी होते. जन्मभर तो तेच करत आला होता.

टप्प्याच्या शेवटी एक काळी भिंत आडवी उभी ठाकली. दोन पुरुष उंच, रचून ठेवलेल्या ओंडक्यांसारखे आडवे दगड! उभ्या भेगेतच थिजलेला रस, जयसिंग म्हणाला. तुकाबाई दरवर्षी इथवर शेळ्या आणायची; भिंतीपल्याड कधी गेली नव्हती. "मी वर चढून बघते. तुमी हितंच बसा," ती म्हणाली.

भिवाजी बसला नाही. मागच्या गवतात थर झाकलेला होता. ओल तिथंच हुकली असेल तर? त्यानं वारा पाहिला. भिंतीकडून मागं वाहत होता. जाळ लांब जाईल, थर उघडा पडेल. त्यानं राब पेटवावा तशी काडी ओढली.

वाऱ्याची पारख त्याची खोऱ्यातली होती. कडा खोऱ्यातला नव्हता!

दुपार कलली आणि कोकणचा वारा दरीतून वर उसळला. जाळ थबकला, वळला. थेट त्यांच्यावर! डावीकडे दरी. उजवीकडे सरळ कडा. पाठीशी भिंत. धुरानं काही दिसेना. भिवाजीनं दगड धरला, हात निसटला. तेवढ्यात वरून काहीतरी जाड, खरखरीत त्याच्या तोंडावर आपटलं. तुकाबाईची घोंगडी, दुसरं टोक तिच्या हातात!

"धर. आधी त्याला दे," वरून आवाज आला.

जयसिंग चढला. मग भिवाजी. त्याच्या धोतराचा सोगा जळत होता. तुकाबाईनं तो पायानं विझवला.

जाळ भिंतीला धडकून मेला. पलीकडे उंबर हिरवागार उभा होता. कातळाच्या फटींतून बोटभर धार तांबड्या थरावर उतरत होती, भिंतीनं तिला अडवलं होतं आणि खाली डोह साठला होता. खाली खोऱ्यात माणसांनी बांधलेली भिंत गाव बुडवणार होती. ही भिंत इतका काळ पाणी राखून बसली होती, आणि तिनं कुणाला उठवलं नव्हतं.

भिवाजी ओंजळ भरायला वाकला आणि थांबला. तुकाबाई मागं बघत होती. सगळा टप्पा काळा पडला होता.

"ते गवत वैशाखाला राखलं व्हतं म्या," ती म्हणाली. "चाळीस तोंडं हायेत माजी."

भिवाजीनं मुंडासं काढलं. "गावात बारा घरांच्या पेंढ्याच्या गंजी हायेत. बुडायच्या आत समद्या तुज्या धनगरवाड्यावर आनतो."

"पानी आधी शेळ्या पितील."

"पितील."

"अन् काडी वडायच्या आधी मला इचारायचं."

"व्हय, बाय."

गाव हललं तेव्हा सगळ्यांत आधी पेंढा वर चढला. देव, दळायची जाती, भांडीकुंडी मागून. शेवटचा भारा वाड्यावर टाकून भिवाजी डोहावर आला, तेव्हा शेळ्या पीत होत्या. रिकामी घागर खांद्यावर घेऊन तो त्यांच्या मागं उभा राहिला.